समईखालचं प्रतल

तृप्ती आणि निनाद सरदेशमुख यांच्या संसारात एकोणीस वर्षं एकच भांडण टिकून होतं, आणि ते तात्यांच्या फोटोवरून होतं. बाकीची भांडणं आली आणि गेली. हे मात्र रोज सकाळी ताजं उगवायचं. निनाद आंघोळ करून बाहेर आला, की भिंतीवरच्या फोटोला डावीकडून बोट लावून तो सरळ करायचा. मागून तृप्ती फुलांची परडी घेऊन यायची आणि तोच फोटो उजवीकडून बोट लावून पुन्हा सरळ करायची.

“मी आत्ताच सरळ केला होता.”

“म्हणूनच वाकडा दिसतोय.”

माई तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणायच्या, “तुमचे तात्या जिवंतपणी खुर्चीतून एवढे कधी हलले नाहीत रे.” माई म्हणजे निनादच्या आई. तात्या म्हणजे त्यांचे यजमान, जाऊन वीस वर्षं झालेले.

या भांडणाचा निकाल लागेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. पण कराडात तोलचष्मा आला आणि निकाल लागला.

तृप्ती घरांचे आराखडे काढायची. बागवानसाहेबांच्या छोट्या कंपनीत तिला बावीस वर्षं झाली होती. आता घर बांधायला गवंड्यांची फौज लागत नसे. लांब हाताचं एक यंत्र प्लॉटवर येऊन उभं राहायचं आणि संगणकातला आराखडा थरावर थर देत पंधरा दिवसांत जसाच्या तसा उभा करायचं. त्याला सगळे मेस्त्रीच म्हणत. हा मेस्त्री चहा मागत नसे, आणि स्वतःची अक्कलही चालवत नसे. आराखड्यात असेल ते, असेल तसं.

आता आराखडा काढताना एक अडचण असते. संगणकाचा पडदा सपाट, आणि घर तर लांब, रुंद, उंच. पडद्यावर रेघ मारली, तर ती जमिनीवर मारली, की भिंतीवर, की छपराच्या उतारावर, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? म्हणून आधी त्याला एक अदृश्य पाट मांडून द्यायचा. या पाटालाच प्रतल म्हणायचं. तीन ठिपके दिले की तो मांडला जातो. पाट कुठं ठेवायचा, त्याचं तोंड कुणीकडं, आणि कुठल्या अंगाला तो किती उचलायचा. मग तुम्ही काढाल ती प्रत्येक रेघ त्याच पाटावर पडते, अंगणात रांगोळी पडावी तशी. सपाट जमिनीचं प्रतल संगणकात मुळातच असतं. बाकीची आपली आपण करायची, त्यांना नावं द्यायची, जपून ठेवायची. पथ्य एकच. मांडलेला पाट आपण बदलेपर्यंत तिथंच राहतो, आणि पाटावर बसलेल्याला तो तिरका कधीच दिसत नाही, कारण पडद्यावरचं चित्रही त्याच्याबरोबर तिरकं होऊन समोर येतं.

तोलचष्म्याचं प्रकरण कानातलं होतं. कानाच्या अगदी आतल्या कप्प्यात चुन्याचे बारीक कण असतात. मान कलली की ते सरकतात, आणि वर कुठं, खाली कुठं, हे मेंदू त्यावरून ठरवतो. नव्या संशोधनानं दाखवून दिलं, की प्रत्येकाचा हा अंदाज थोडासा चुकलेला असतो आणि ती चूक सावरता सावरता माणूस दिवसभर नकळत शिणतो. चष्मा डोळ्यांवर चढवला की काळोखात एक उजळ रेघ दिसे. ती अगदी उभी वाटेपर्यंत फिरवायची. पाच मिनिटांत तुमचा आकडा हातात, डावीकडं किंवा उजवीकडं इतके अंश. त्या आकड्याचं प्रतल करून त्यावर घर बांधलं, की पाठदुखी जायची, झोप गाढ लागायची आणि चिडचिड निम्म्यावर यायची.

तीन वर्षांत या आकड्यानं सगळीकडं पाय पसरले. वधूवर मंडळांच्या अर्जात गोत्र आणि रक्तगट यांच्या मधोमध ‘कल’ नावाचा रकाना आला. भाड्याच्या खोल्यांवर ‘शाकाहारी, डावा दीडपर्यंत’ अशा पाट्या लागल्या. शेजारच्या एका गावात वाचनालयाची नवी इमारत पायाशीच अडकली, कारण अध्यक्ष उजवे तीन होते आणि चिटणीस डावे तीन.

निनादचा आकडा निघाला डावीकडं दोन अंश. तृप्तीचा उजवीकडं एक.

“म्हणजे एकोणीस वर्षं तात्या तीन अंशांत येरझाऱ्या घालत होते,” तृप्ती म्हणाली.

“बघ, मी चुकत नव्हतो.”

“दोन अंश चुकत होतास.”

निनाद शाळेत भूगोल शिकवायचा. तो म्हणाला, “अगं, पृथ्वीच साडेतेवीस अंशांनी कललेली आहे. माझे दोन काय धरून बसलीस?”

नेमकं त्याच वर्षी त्यांचं स्वतःचं घर व्हायचं होतं. तृप्तीनं मोठ्या हौसेनं बेत केला. निनादची खोली त्याच्या प्रतलावर, स्वयंपाकघर तिच्या, आणि दिवाणखाना दोघांच्या बरोबर मधल्या, म्हणजे डाव्या अर्ध्या अंशावर. खोलीखोलीतला फरक उंबरठे पोटात घेतील. राहता राहिल्या माई. त्यांच्यापुढं तिनं चष्मा धरला, तर त्यांनी तो दोन बोटांनी बाजूला सारला.

“माझ्या डोक्याचं माप कशाला? टोपी शिवायचीय?”

“माई, तुमची खोली कशी काढू मग?”

“काढ तुला हवी तशी. झोपल्यावर मला कुठं कळतंय. देवघर तेवढं सरळ ठेव.”

“सरळ म्हणजे कुणाच्या मते सरळ?”

“मत कशाला हवंय त्यात? सरळ.”

यात माईंचा हट्ट नव्हता, व्रत होतं. लग्न होऊन आल्यापासून त्या नवरात्रात नंदादीप लावत. घट बसले की समई लावायची आणि नऊ दिवस, नऊ रात्री ती विझू द्यायची नाही. लावलेली समई जागची हलवायची नाही, आणि वातीचं तोंड पूर्वेलाच. एक्कावन्न नवरात्रं झाली होती. तात्या दवाखान्यात होते त्या वर्षीसुद्धा माईंनी शेजारणीला किल्ली देऊन समई तेवत ठेवली होती. बावन्नावं नवरात्र नव्या घरात बसणार होतं.

“देवघर मी जमिनीच्या मूळ प्रतलावर काढीन,” तृप्तीनं शब्द दिला. “कुणाच्याच डोक्याचं नाही. अगदी ओळंब्यातलं.”

शब्द मनापासून दिला होता. आडवं आलं ते पुरण.

त्या दिवशी श्रावणातला शुक्रवार होता. तृप्ती घरीच आराखड्याला बसली होती. ‘निनाद’ नावाचं प्रतल मांडून तिनं त्याची खोली पुरी केली. पुस्तकांचे कप्पे, कॅरमची जागा, सगळं. आता देवघर घ्यायचं, एवढ्यात माईंची हाक आली. जिवतीची पूजा झाली होती, पुरणाचे दिवे तयार होते, आणि शाळेतून अर्धी रजा टाकून आलेला सत्तेचाळीस वर्षांचा निनाद औक्षणासाठी पाटावर गुडघे दुमडून बसला होता. औक्षण झालं, जेवणं झाली. तृप्तीनं तीन पुरणपोळ्या खाल्ल्या. त्यावर तूप माईंच्या हातचं, म्हणजे वाटीनं.

परत येऊन तिनं झापड आलेल्या डोळ्यांनी देवघर काढायला घेतलं. ओटा, त्यावरच्या दोन पायऱ्या, समईची जागा, घटाची जागा. सगळं पडद्यावर कसं काटकोनात, नीटस. दिसणारच. पाट निनादचाच मांडलेला होता आणि ती त्याच पाटावर बसून बघत होती.

मेस्त्रीनं सतरा दिवसांत घर उभं केलं. अक्कल चालवली नाही.

घर सगळ्यांना मानवलं. निनादची जुनी पाठदुखी आठवड्यात पळाली. दिवाणखान्यात तात्यांचा फोटो लागला, तो दोघांनाही सारखाच वाकडा दिसला, पण उलट उलट बाजूंना. त्यामुळं कुणीच हात लावेना. निनादच्या खोलीत कॅरम खेळायला आलेले मास्तर लोक हरून जाताना म्हणत, “सरदेशमुख, तुमच्या घरची सोंगटी तुमचंच ऐकते.” स्वयंपाकघरातून निसटलेला एक बेसनाचा लाडू उंबरठ्यापर्यंत आपणहून चालत गेला, तेव्हा माई त्याला वाट देऊन उभ्या राहिल्या.

सगळ्यांत नवल देवघराचं झालं. जन्मात कधी अंगाऱ्यापलीकडं न गेलेला निनाद रोज सकाळी तिथं जाऊन बसू लागला. आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास.

“इथं किती प्रसन्न वाटतं गं,” तो म्हणायचा. “सगळं कसं जागच्या जागी आहे. उठावंसंच वाटत नाही.”

माईंना हे बोलायलासुद्धा भीती वाटे, दृष्ट लागेल म्हणून. सोवळं सोडताना त्या तृप्तीच्या कानाशी एवढंच म्हणाल्या, “तुझ्या हाताला यश आहे हो. देवघर असं बांधलंस, की माझं पोरगं देवाला लागलं.”

तृप्तीला मात्र देवघरात उभं राहिलं की जरा गरगरायचं. तिनं स्वतःची समजूत घातली. आपण उजव्या एक. खरंखुरं सरळ आपल्याला एक अंश वाकडं दिसणारच. शिवाय रंग नवा होता.

घटस्थापनेला सकाळी माईंनी समई घासून लख्ख केली, तेल भरलं, वात पूर्वेला करून लावली. तृप्तीनं हात जोडले, आणि जोडलेलेच राहिले. समईच्या पसरट वाटीत तेल पश्चिमेच्या कडेला येऊन थबथबत होतं आणि पूर्वेला वातीच्या मुळाशी पितळ कोरडं पडत चाललं होतं.

ती कामाच्या खोलीत गेली. देवघराच्या आराखड्यावर तिनं टिचकी मारली. कोपऱ्यात प्रतलाचं नाव उमटलं. निनाद.

तिनं बागवानसाहेबांना फोन लावला.

“मॅडम, मेस्त्री उद्या पाठवतो,” ते म्हणाले. “वरचा ओटा खरवडून घेऊ, अर्ध्या दिवसाचं काम.”

“घट बसलेत, साहेब. नऊ दिवस जागचं काही हलवता यायचं नाही.”

“मग घरात सांगून टाका. बावीस वर्षांत तुमची एक चूक झाली, कुणी फाशी देत नाही.”

फाशीचं तिला काही नव्हतं. पण माईंचा समोर बघून हसणारा चेहरा आठवला, आणि ‘तुझ्या हाताला यश आहे’ हे आठवलं. सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या. तुमचं बावन्नावं नवरात्र मी पुरणाच्या गुंगीत तिरकं केलं, आणि तुमचा मुलगा देवाला लागला नाहीये, तो स्वतःच्या दोन अंशांना लागलाय. सणासुदीचं हे कुठल्या तोंडानं सांगायचं? दसरा होऊ दे, तिनं ठरवलं. तोवर समई तेवली म्हणजे झालं.

उदबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा तिनं दुमडला आणि माई आंघोळीला गेल्यावर समईच्या बैठकीखाली पश्चिमेकडून अलगद सरकवला. समई हलवायची नाही असा नियम होता. टेकू द्यायचा नाही असा कुठं होता? तेल वातीकडं आलं, जरा जास्तच आलं, पण आलं. तिनं कान धरले आणि स्वयंपाकाला लागली.

दुपारी पाहते, तर तेल पुन्हा पश्चिमेला. पुठ्ठा जागेवर होता. तिनं त्याला आणखी एक घडी घातली.

दुसऱ्या दिवशी तेल पूर्वेच्या कडेवरून वातीसकट सांडायला आलेलं. संध्याकाळी परत पश्चिमेला. तृप्तीला वाटलं घर खचतंय. तिनं पायाचे आकडे काढून पाहिले. घर केसभरही हललं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं आपल्या कानातलेच कण हलले. पाचव्या दिवशी तिनं देवीला मनातल्या मनात विचारलं, की हे तू करतेस का. ओट्यावर तेलाचे ओघळ येत होते आणि माई एक शब्द न बोलता ते पुसत होत्या. घरात सगळेच फार गोड बोलत होते. निनादनं आपणहून नारळ सोलून दिले, तेव्हाच खरं तिला संशय यायला हवा होता.

अष्टमीला दुपारची जेवणं आटोपली. माई आत लवंडल्या होत्या, निनाद त्याच्या खोलीत होता. तृप्ती पुठ्ठ्याचा नवा तुकडा मुठीत घेऊन देवघरात आली आणि समईपुढं वाकली. ज्योत करंगळीच्या नखाएवढी उरली होती, निळी. वातीच्या मुळाशी तेलाचा टिपूस नव्हता.

“माई,” ती ओरडली, आणि वळते तो माई दारातच होत्या. त्यांच्या हातात अडकित्ता होता आणि अर्धी कातरलेली सुपारी. त्यांच्यामागं निनाद. त्याच्या हातात खोडरबर.

तिघं एकमेकांच्या हातांकडं बघत राहिली. आधी भान आलं ते माईंना. त्या पुढं होऊन बसल्या, दोन बोटं समईच्या बैठकीखाली पश्चिमेकडून घातली आणि कड उचलून धरली. तेल सावकाश सरकत सरकत वातीपाशी आलं. ज्योत एकदा चुरचुरली, आणखी बारीक झाली, आणि मग हळूच पिवळी होऊन वर आली.

“आता मी ही अशीच धरते,” माई म्हणाल्या. “तुम्ही खालचं काय काय आहे ते काढा.”

खालून निघालं ते असं: पश्चिमेकडून सुपारीची दोन खांडं आणि चार घड्यांचा पुठ्ठा, पूर्वेकडून एक अख्खं खोडरबर आणि एक अर्धं.

“निनाद, पूर्वेकडं खोडरबर तू घातलंस?” तृप्तीनं विचारलं.

“समई कलली होती म्हणून. म्हटलं माईंचा हात आता थरथरतो, त्यांच्याकडून वाकडी बसली असेल. बोललो तर त्यांना वाईट वाटेल.” त्यानं अर्धं खोडरबर उचललं. “दर वेळी सरळ करून जावं, तर परत वाकडी.”

“आणि माई, सुपारी?”

“पहिल्याच दिवशी. तेल पळालेलं दिसलं मला. पण तू एवढं राबून घर उभं केलंस. सणाच्या तोंडावर सुनेच्या कामात खोट काढायची म्हणजे काय?”

तृप्तीनं तिथंच ओट्यापाशी बसकण मारली आणि सगळं सांगितलं. पाट, पुरणपोळ्या, न बदललेलं प्रतल, सगळं. देवघर निनादच्या डोक्याचं झालंय हे सांगितलं. त्याला इथं इतकं प्रसन्न का वाटतं, तेही सांगितलं. हे सांगताना तिनं माईंकडं पाहिलं नाही.

माई समईची कड धरून तशाच बसल्या होत्या. “म्हणजे देवाचा यात काहीच हात नाही म्हणतेस,” त्या हळूच म्हणाल्या.

“चूक माझी आहे, माई.”

“ते झालंच. पोळ्या तरी कुणी वाढल्या होत्या? मीच.”

निनाद समईकडं टक लावून बघत होता. “पण मला अजून ही वाकडी दिसतेय,” तो म्हणाला. “माईंनी धरलीय ती. शपथेवर सांगतो.”

मग माईंना तरी सरळ दिसतं का, हे बघायला तृप्तीनं चष्मा आणला. एक हात समईखाली ठेवून माईंनी या वेळी तो मुकाट्यानं डोळ्यांवर चढवून घेतला. रेघ फिरवली. आकडा आला आणि तृप्तीनं तो पुसून पुन्हा रेघ फिरवायला लावली. पुन्हा तोच आला. उजवीकडं चार अंश. अख्ख्या घरात सगळ्यांत वाकडं डोकं माईंचं होतं.

“हे यंत्र बिघडलंय,” निनाद म्हणाला.

“बिघडलेलं नाही.” माईंनी चष्मा उतरवला. “मला ठाऊक आहे ते. सासरच्या माझ्या पहिल्या नवरात्रात मी समई लावली. माझ्या डोळ्यांना अगदी सरळ दिसत होती. सासूबाई आल्या, काही बोलल्या नाहीत, खाली एक सुपारी सरकवली आणि गेल्या. मग मी वाटीत वाकून पाहिलं. तेव्हापासून डोळ्यांना विचारत नाही बाबा मी. तेलाला विचारते.”

तृप्तीला एकदम एकोणीस वर्षं आठवली. “माई, मग आम्ही फोटोवरून एवढं भांडत होतो, तेव्हा तुम्ही काहीच कसं नाही बोललात?”

“फोटोत तेल कुठं असतं?”

उरलेली अष्टमी आणि नवमी एका सुपारीवर निभावली. घडी घातलेला पुठ्ठा लागला नाही, खोडरबर शाळेत परत गेलं. बावन्नावं नवरात्र न विझता उठलं.

दसरा झाला आणि बागवानसाहेब स्वतः मेस्त्रीला घेऊन आले, या खेपेला लहान हाताचा. त्यांनी विचारलं, “मॅडम, प्रतल कुठलं देऊ? जमिनीचं मूळचं?”

“नको,” तृप्ती म्हणाली. तिनं समई ओट्यावर ठेवून काठोकाठ भरली, तेल निवळेपर्यंत थांबली आणि मग मापाच्या कांडीनं त्या तेलाच्या पाठीवर तीन ठिपके घेतले. पडद्यावर नवा पाट मांडला गेला. संगणकानं नाव विचारलं. तिनं माईंकडं पाहिलं.

“नावबिव कशाला?” माई म्हणाल्या. “तेलच लिही.”

बागवानसाहेबांनी ते वाचलं, मान डोलावली, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या कंपनीतल्या प्रत्येक आराखड्यात देवघराला, मोरीला आणि कॅरमच्या टेबलाला ‘तेल’ लागू लागलं.

निनाद दोन दिवस देवघराकडं फिरकला नाही. माईंनी रोजच्यासारखी फुलं वाहिली, दिवा लावला, आणि दोन्ही दिवस त्याच्या वाटणीचं तीर्थ वाटीत झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून तो उंबरठ्यापाशी येऊन उभा राहिला. तृप्ती सहाणेवर गंध उगाळत होती. तिनं हात थांबवला नाही, पण कान तिकडं होते.

“माई, मला इथं आता सगळंच वाकडं दिसतंय,” तो म्हणाला.

“दिसू दे की. तू नमस्कार कर.”

तो आत आला आणि ओट्यापुढं उभा राहिला. त्याचा उजवा हात सवयीनं समईकडं निघाला, सरळ करायला. माईंनी नुसतं पाहिलं. हात वाटेतच थांबला, मग परत फिरला आणि डाव्या हाताला जाऊन मिळाला.